साडूभाऊंच्या दोन लाइनी

एका लाइनीवर जगाचं भागू शकतं, यावर माझ्या थोरल्या साडूंचा आयुष्यात कधीच विश्वास बसला नाही. आम्हा दोन जावयांत सासरे त्यांना हुशार मानत. कारण एवढंच, की ते नेमकं काय काम करतात हे सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. साडूभाऊ राउटरवाले. ठाण्यातल्या एका एक्स-रे केंद्राच्या गावोगावच्या शाखा मुख्य कचेरीला जोडून ठेवायच्या, हे त्यांचं काम. कल्याणजवळच्या मोहन्याच्या शाखेला टेलिफोन कंपनीच्या दोन बारीक लाइनी होत्या. एक मरमर राबायची आणि दुसरी, पहिली बंद पडलीच तर असावी म्हणून, नुसती बसून असायची. "दोन सुना आहेत घरात," साडूभाऊ कळवळून सांगत, "एक पोळ्या लाटतेय आणि दुसरी ती कधी आजारी पडते याची वाट बघतेय!" राउटरला सांगून दोन्ही लाइनींची एक जुडी बांधायची, म्हणजे एक्स-रेचं चित्र तुकडे होऊन दोन्हींवरून पळेल आणि पलीकडे पुन्हा जुळेल, हा त्यांचा ध्यास. हे तुकडे जुळतात कसे, ते मला त्यांनी डोंबिवलीहून कोपरला घर हलवलं त्या दिवशी कळलं. लाकडी कपाट सुटं करून त्यांनी फळ्यांवर खडूने नंबर घातले आणि निम्म्या फळ्या एका टेम्पोत, निम्म्या दुसऱ्यात टाकल्या. दुसरा टेम्पो पुलावर अडकला. माझ्या हातात चार नंबरची फळी. "लावू का?" मी विचारलं. "तीन आल्याशिवाय चार लागणार नाही! माल दोन रस्त्यांनी येऊ दे, लावायचा क्रमानेच." मी पाऊण तास ती फळी धरून उभा होतो. मेव्हणी म्हणाली, "अहो, यांना बसू तरी द्या." तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "नाही, हे बफर आहेत. मागचा तुकडा येईपर्यंत पुढचा धरून ठेवायचा!"

दहा-बारा वर्षांपूर्वी, बायकोच्या चुलतबहिणीच्या साखरपुड्याला आम्ही कल्याणला गेलेलो. साडूभाऊ रेशमी कुर्ता घालून आलेले, पण खांद्याला लॅपटॉपची बॅग. सगळ्या फोटोंत ती बॅग आहे. रविवार, मोहन्याला गर्दी नसणार, म्हणून त्यांनी हॉलच्या कोपऱ्यात बसून जुडी बांधायला घेतली. अंगठी घालायची वेळ झाली आणि यांचा चेहरा एकदम पांढरा.

"काय झालं?"

"बसलो होतो तीच फांदी तोडली. दुसरी लाइन जुडीसाठी आधीच सोडवून ठेवलेली, आणि पहिलीवरूनच मी इथून राउटरमध्ये शिरलेलो. तिचा पत्ता काढून जुडीला द्यायचा असतो. मी आधी काढलाच. द्यायच्या आत संपर्क तुटला."

तेवढ्यात मोहन्याच्या काउंटरवरच्या बाईंचा फोन आला. एक आजी घरात पडल्या होत्या. एक्स-रे काढून झाला होता, पण तो बघणारे डॉक्टर ठाण्यात, आणि चित्र जाईना. कंबरेचं हाड मोडलंय की नाही हे कळल्याशिवाय त्यांना हलवायचं कसं? राउटरचं कपाट तर कुलूपबंद होतं. कुणी हात लावू नये म्हणून त्याची एकुलती एक किल्ली साडूभाऊंच्या खिशात असायची.

जेवणाची पानं मांडली जात होती. आम्ही रिक्षा पकडली. वाटेत साडूभाऊ रिक्षावाल्याला दोनदा "जरा लवकर, दादा" म्हणाले. मोहन्याला आजी स्ट्रेचरवर पडलेल्या, मुलगी त्यांचा हात धरून बसलेली. साडूभाऊ कपाटाकडे जायच्या आधी त्यांच्यापाशी गेले. "आजी, माझ्यामुळे खोळंबा झाला. चूक माझी. घाई केली मी."

आजींनी रेशमी कुर्ता वरपासून खालपर्यंत न्याहाळला. "लग्नघाई असंल, बाबा. पण नवरी कुठाय?"

मग साडूभाऊंनी कपाट उघडून लॅपटॉपची वायर राउटरला जोडली, पत्ता जुडीला दिला, पहिली लाइन जुडीत घातली, मग दुसरी. एक ओळ तीनदा लिहावी लागली. चित्र निघालं, आणि नेहमीच्या निम्म्या वेळात ठाण्याला पोचलं. थोड्या वेळाने डॉक्टरांचा फोन आला : हाड शाबूत, नुसता मुका मार. मुलगी रडायला लागली, आजी तिला रागवायला लागल्या, आणि साडूभाऊ चष्मा पुसत बाहेर जाऊन उभे राहिले. जुडी चालल्याचा आनंद त्यांनी मला त्या दिवशी बोलून दाखवला नाही. परतलो तेव्हा हॉलमध्ये फक्त मसालेभात उरला होता. तो त्यांनी निमूटपणे दोनदा घेतला.

पुढे तिथे फायबर आलं आणि दोन्ही लाइनी निघाल्या. गेल्या वर्षी साडूभाऊही निवृत्त झाले. परवा माझं वायफाय बंद पडलं म्हणून त्यांना फोन लावला. वाटलं, आता तासभर प्रश्न विचारतील. तर ते सावकाश म्हणाले, "बंद करून चालू करा. हल्ली तेवढंच असतं."

मी बंद केलं, चालू केलं. लगेच सुरू झालं. तरी मी साडूभाऊंना पुन्हा फोन लावला.

"नाही हो होत, साडूभाऊ. मला काही सुधरत नाहीये. तुम्ही याच."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "आत्ता निघतो," ते म्हणाले, आणि मेव्हणीला हाक मारली, "अगं, माझी बॅग कुठेय?"