दोन ते चार जागा असलेला एकमेव माणूस

आमच्या वरच्या मजल्यावरचे नंदेश्वर घर सोडून का गेले, असं कोणी विचारलं की गेली सहा वर्षं मी सांगत आलो, "त्यांना ऑफिस लांब पडत होतं." हे साफ खोटं आहे. नंदेश्वरांचं ऑफिस त्यांच्या जेवणाच्या टेबलावर होतं. त्यांना घालवलं मी. माझं वय आता एक्याऐंशी आहे. या वयात अब्रू जाईल म्हणून घाबरण्यात अर्थ नाही, कारण ती असल्याचं कोणाच्या फारसं लक्षात नसतं. म्हणून सगळं लिहून टाकतो. हसणाऱ्यांनी हसावं.

मी खडकीला एका सरकारी कारखान्यात तपासनीस होतो. आलेला माल पास करायचा किंवा परत पाठवायचा, एवढंच काम चौतीस वर्षं केलं. परत पाठवण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. निवृत्त झाल्यावर कर्वेनगरातल्या आमच्या सोळा बिऱ्हाडांच्या सोसायटीचा मी सचिव झालो. (निवडून आलो असं म्हणवत नाही. त्या सभेला मी वेळेवर गेलो होतो, इतकंच.) पहिल्याच दिवशी मी जिन्याखालच्या फळ्यावर लिहिलं : तोंडी तक्रारींची दखल घेतली जाणार नाही. लेखी द्यावे. हा नियम मी इतका काटेकोर पाळला की तो घरातही लागू झाला. माझी पत्नी सुमन स्वयंपाकघरातून म्हणायची, अहो, दुसऱ्या मजल्यावरचा दिवा गेलाय. मी "हं" म्हणायचो. हा "हं" म्हणजे दखल नव्हे, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

आणि मग एके दिवशी सोसायटीच्या ईमेलवर पहिला मेल आला. खाली नाव नाही, पत्त्यातही नाही, नुसतं "एक सभासद". मजकूर सभ्य होता. दुसऱ्या मजल्यावरचा दिवा महिनाभर बंद आहे, कोणीतरी पडेल, तरी कृपया बदलावा. तक्रार लेखी असल्यामुळे मी तासाभरात दिवा बदलला. इथवर ठीक होतं.

आठवड्यानं दुसरा मेल आला. गच्चीला कुलूप लावून किल्ली सचिवांनी खिशात घेऊन फिरू नये, लोकांना पापड वाळत घालायचे असतात. मी गच्ची उघडली, पण जरा धुसफुसतच. तिसरा मेल : सचिवांच्या घरातला टीव्ही फार मोठा असतो, त्यांनी कान तपासून घ्यावेत. हा सोसायटीचा विषय होता का? चौथा मेल मी उभ्यानं वाचायला घेतला आणि खाली बसलो. "सचिवांचा आवाज चढला की समोरच्याला पुढचं सुचत नाही. त्याला जे सांगायचं असतं ते मनातच राहतं. हे त्यांना आजवर कोणी सांगितलं आहे का?"

त्या रात्रीपासून माझी झोप उडाली. जिन्यात कोणी "काय परचुरे, बरंय ना?" म्हटलं तरी मला वाटायचं, हाच तो. अध्यक्ष आगाशे माझ्याकडे बघून हसले तर का हसले, आणि न हसले तर का नाही हसले, याचा मी विचार करत बसायचो. शेवटी ठरवलं, चौतीस वर्षं ज्यानं सदोष माल हातात न घेता ओळखला, त्याला सोळा बिऱ्हाडांतला एक माणूस ओळखता येऊ नये?

मी एक वही घातली. मेल किती वाजता आला ते त्यात उतरवू लागलो आणि चौथ्या नोंदीला माझ्या अंगावर काटा आला. सगळेच्या सगळे मेल दुपारी दोन ते चारच्या आत आलेले होते!

बाहेरच्या वाचकांना यातलं गांभीर्य कळणार नाही. दोन ते चार या वेळात आमची सोसायटी झोपते. कुरिअरवाले बेल वाजवत नाहीत, कामवाल्या बायका चारनंतर येतात आणि तळमजल्यावरचे डॉक्टर पेशंटलासुद्धा साडेचारनंतर दुखवून घ्यायला सांगतात. म्हणजे मेल लिहिणारा माणूस दुपारी न झोपणारा होता, आणि असा माणूस आमच्याकडे एकच होता. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू रोशन नंदेश्वर. मूळचे भंडाऱ्याचे, संगणकाच्या कंपनीत नोकरी, दिवसभर घरून काम. बायको प्रज्ञा, चार वर्षांची मुलगी. पुन्हा माझ्या टीव्हीचा आवाज त्यांच्याच फरशीखाली. वहीत मी त्यांच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या.

(दोन ते चार आमच्या घरात कोण जागं असतं, हे मला माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्या वेळी मी झोपलेला असे.)

तरी तपासनिसानं चाचणी घेतल्याशिवाय शेरा मारू नये. मी सापळा रचला. तीन संशयितांना तीन वेगळ्या बातम्या दिल्या. आगाशेंना म्हटलं, भिंतीला हिरवा रंग देणार आहे. डॉक्टरांना म्हटलं, फाटक सहालाच बंद करणार आहे. आणि नंदेश्वरांना जिन्यात गाठून सांगितलं की पार्किंगमधला शेवगा तोडायचं माझ्या मनात आहे. ते म्हणाले, "कशाला काका, बिचारा शेंगा देतो ना." मी गूढ हसलो.

तिसऱ्या दिवशी, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी, मेल आला : शेवगा तोडू नये.

मी वही मिटली. इतका निर्दोष पुरावा मला कारखान्यातही कधी मिळाला नव्हता. शेवग्याचं मी आदल्या रात्री जेवताना सुमनलाही बोललो होतो, पण घरात बोललेलं कोणी मोजतं का?

आता वेळही अशी जुळून आली होती की नंदेश्वरांचा भाडेकरार महिनाअखेरीला संपत होता. मालक नाशिकला राहायचे आणि भिडस्त होते. समितीचं ना हरकत पत्र असल्याशिवाय ते करार वाढवत नसत, आणि ते पत्र लिहायचो मी. नंदेश्वरांच्या मुलीला कोपऱ्यावरच्या शाळेत नुकताच प्रवेश मिळाला होता. प्रज्ञाताई दोनदा विचारून गेल्या होत्या, काका, पत्र कधी मिळेल? मी दोन्ही वेळा "बघू" म्हणालो होतो.

त्याच सुमारास सुमन बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस साताऱ्याला गेली. ती गेली आणि मेल थांबले. मी आगाशेंना म्हटलं, बघा, गुन्हेगार सावध झाला. आगाशे म्हणाले, "किंवा सुधारलात तुम्ही. पण ते जरा लवकर वाटतं."

समितीची सभा पार्किंगमध्ये भरली. सात प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि मधे नंदेश्वर उभे. आठवी खुर्ची होती, पण ती मी मुद्दाम भिंतीशी लावून ठेवली होती. (हे लिहिताना आज मान खाली जाते.) मी वही उघडून दिवस, वार, वेळ सगळं वाचून दाखवलं. शेवग्याचा पुरावा शेवटी काढला. मग मी विचारलं, "हे मेल तुम्ही लिहिलेत?"

"नाही जी काका."

"मग कोणी लिहिले ते तरी माहीत आहे?"

त्यांनी एकदा आमच्या खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "माहीत आहे. पण मी सांगणार नाही."

"का?"

"ज्यांनी लिहिले त्यांनी मला विश्वासानं सांगितलं. त्यापेक्षा त्यात लिहिलंय ते खोटं आहे का, ते बघा ना काका."

माझा आवाज चढला. समोरच्याला पुढचं सुचलं नाही. मी पत्रावर शेरा मारला : समितीची हरकत आहे. आगाशे उठताना म्हणाले, "परचुरे, माणूस होता तो. मालाची पेटी नव्हती." पण सही त्यांनीही केली. आमच्याकडे टोमणा मारला की कर्तव्य संपतं.

चार दिवसांनी सुमन परत आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी मी तिला विजयाची बातमी दिली. मला वाटलं, ती म्हणेल, शाब्बास. ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "ते मेल मी लिहिले होते."

मला ऐकू कमी येतं हे तिला ठाऊक असल्यामुळे तिनं ते पुन्हा सांगितलं.

मी म्हटलं, "तू? अगं पण मला सांगायचं की."

"चाळीस वर्षं सांगत्येय. तुम्हीच फळ्यावर लिहिलंत ना, लेखी द्या म्हणून? रोशननं मोबाइलवर मेल कसा करायचा ते दाखवलं. तो बिचारा म्हणाला, काकू, खाली नाव लिहा. मी म्हटलं, माझं नाव पाहिलं तर ते 'हं' म्हणतील."

मी खुर्ची शोधत होतो. तिनं एवढंच विचारलं, "त्याला सगळ्यांसमोर उभं केलंत?"

ती तशीच वर जायला निघाली. मी तिला अडवलं. म्हटलं, चूक माझी, तेव्हा मीच सांगेन. समितीलाही सांगेन, पत्रही बदलून देईन, फक्त दोन दिवस दे. तिनं दिले. त्या दोन दिवसांत मी काय केलं? माफीचा मसुदा केला. त्यात पाच मुद्दे होते. दुसऱ्या दिवशी त्यातले दोन मला जरा जास्त वाटले म्हणून काढले. आगाशेंना कळलं तर ते काय म्हणतील, याची मी मनातल्या मनात नऊ वाक्यं तयार केली, आणि नऊही इतकी चांगली होती की माझी वर जायची छाती झाली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी टेम्पो उभा राहिला. त्यांनी खडकीला घर पाहिलं होतं. कोपऱ्यावरची शाळा सुटली ती सुटलीच. मी धावत खाली गेलो. खिशात नवं पत्र होतं, तारखेसह. नंदेश्वर गादी बांधत होते. मला पाहून त्यांनी दोरी सोडली आणि जवळ आले. म्हणाले, "बोला ना काका."

मी तोंड उघडलं. आतून पाचच्या पाच मुद्दे वर येत होते. आणि मी म्हणालो, "टेम्पो जरा पुढे घ्या. सभासदांच्या गाड्या अडतात."

"हो काका," ते म्हणाले, आणि त्यांनी तो पुढे घेतला.

सुमन त्याच संध्याकाळी रिक्षा करून खडकीला गेली आणि स्वतःच्या वाटणीची माफी मागून आली. तिचं झालं मोकळं. तेव्हापासून तिचं तिकडे जाणं-येणं आहे. मुलीच्या वाढदिवसाला जाते, येताना प्रज्ञाताई डबा भरून देतात. मी तो खातो. दर वेळी म्हणतो, पुढच्या खेपेला मीही येतो. ती "हं" म्हणते.

मागच्या महिन्यात दुपारी तीन वाजता तिचा मोबाइल वाजला. ती न्हाणीघरात होती म्हणून मी उचलला. (हल्ली मलाही दुपारी झोप येत नाही.) पलीकडून आवाज आला, "काकू, रोशन बोलतोय. आपण घर घेतलं, वास्तू आहे रविवारी." मी म्हटलं, मी परचुरे. ते म्हणाले, "काका! बरे आहात ना? तुम्हीही या बरं का."

असा योग पुन्हा येणार नव्हता. घरात कोणी ऐकत नव्हतं, आगाशे झोपलेले होते, समोर चेहरासुद्धा नव्हता. सहा वर्षं घोटलेलं वाक्य जिभेवर तयार होतं. मी घसा खाकरला. ते थांबून राहिले.

मी म्हणालो, "धरा हं, काकूला देतो."