जेबेझ टटलचा अडकलेला गुडघा

जेबेझ टटल थकला होता, आणि ते तो कुणालाही ऐकवायचा. "कसं काय, जेबेझ?" असं विचारायची सोय नव्हती. "कसलं काय! कंबर गेली, गुडघा गेला, आता मी तेवढा जायचा राहिलोय," असं तोंडावर फेकायचा आणि पुढे चालू लागायचा. चोवीस वर्षं त्याने आमच्या गावच्या प्रार्थनाघराची घंटा वाजवली, बाकं पुसली, आणि मागच्या टेकडीवर निम्म्या गावाच्या कबरी खणल्या. त्या कामापोटी प्रार्थनाघराला लागून असलेलं दोन खोल्यांचं घर राहायला मिळालं होतं. नेमणूक मात्र वर्षाची. दर डिसेंबरला गावसभा भरायची आणि त्याला पुढच्या वर्षासाठी ठेवून घ्यायची. विरोध कोण करणार? स्वातंत्र्याच्या लढाईत इंग्रजांची गोळी गुडघ्यात घेतलेला माणूस, आणि गोठलेल्या जमिनीत कबर खणायची दुसऱ्या कुणाला हौस होती!

गावाचं बिनसलं ते जेफरसन अध्यक्ष झाल्यापासून. खरं म्हणजे त्याच्याही आधीपासून. ॲडम्स आणि जेफरसन, एकेकाळी खांद्याला खांदा लावून इंग्रजांच्या राजाला ठणकावणारी ही माणसं, आता एकमेकांचं तोंड बघत नव्हती. हरलेला ॲडम्स नव्या अध्यक्षाच्या शपथविधीलाही थांबला नाही, पहाटेच गाडी जोडून चालता झाला. बरं, ती मोठी माणसं, त्यांचं त्यांना लखलाभ. पण त्यांच्यापायी इथे कनेक्टिकटातल्या एका कोपऱ्यातल्या गावात शेजारी शेजाऱ्याकडे विस्तव मागायला जाईना, याला काय म्हणावं? आमचं गाव झाडून सारं ॲडम्सचं. जेफरसन नास्तिक आहे, तो घरोघरची बायबलं गोळा करून जाळणार, असं पाद्रीबाबा दर रविवारी बजावायचे, आणि बायका माना डोलवायच्या.

गावात उघडपणे जेफरसनचं नाव घेणारा एकच होता, मीडॅड स्पेरी लोहार. आणि तो नेमका जेबेझचा जिवलग. गोळी लागली त्या दिवशी जेबेझला पाठुंगळी घेऊन चार मैल चालत आणणारा हाच.

"अरे, तो माणूस म्हणतो काय ते तरी ऐकशील?" मीडॅड घण बाजूला ठेवून म्हणायचा. "तो म्हणतो, देव आणि माणूस हा त्या दोघांतला मामला. सरकारने मध्ये नाक खुपसू नये. यात नास्तिक काय आहे?"

"मला काय विचारतोस? मी घंटा वाजवणारा माणूस."

"तेच तर म्हणतो मी! तुझी दोरी कुणाच्या हातात आहे ते बघ एकदा."

"माझ्याच हातात आहे, म्हणून तर हाताला घट्टे पडलेत. डोकं खाऊ नकोस, मीडॅड."

मीडॅड बोलून थांबणारा नव्हता. आपण बॅप्टिस्ट, म्हणजे दुसऱ्या पंथाचे झालो, आता या प्रार्थनाघराशी आपला संबंध नाही, असा कायदेशीर दाखला त्याने लिहून दिला. त्याच हिवाळ्यात जेफरसनने डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना उत्तर धाडलं, धर्म आणि सरकार यांच्यामध्ये भिंत हवी म्हणून. मीडॅडने ते वर्तमानपत्रातून कापून भात्याशेजारी खिळ्याला लावलं. आणि फेब्रुवारीत त्याची बायको मर्सी गेली.

आमच्याकडे कुणी गेलं की घंटा सांगते. बाई असेल तर आधी सहा टोले, मग वयाच्या दर वर्षाला एकेक. शेतात असलेला माणूस हातातलं काम थांबवून मोजतो आणि कोण गेलं ते ओळखतो. जेबेझ दोरीशी जाऊन उभा राहिला, तेवढ्यात न्यायाधीश किंबरली आले. गावातले सगळ्यांत मोठे जमीनदार, चर्चचे कारभारी आणि गावसभेचे अध्यक्षही तेच.

"दाखला देऊन गेलेल्यांसाठी आपली घंटा नाही, जेबेझ. भिंत त्यांनाच हवी होती ना?"

जेबेझने दोरी सोडली. याच मर्सीने त्याच्या बायकोला, थँकफुलला, तापात सोळा दिवस उशाशी बसून वाचवलं होतं. मर्सी गेली आणि गावाला दुसऱ्या दिवशी कळलं. मीडॅडने शिवी दिली नाही, भांडण केलं नाही. फक्त बोलणं बंद केलं. जेबेझ त्या दिवसापासून लोहारशाळा टाळून लांबच्या रस्त्याने जायला लागला. लाज वाटायची त्याला, दुसरं काय!

सप्टेंबरात मतदारांची सभा आली. पूर्वी चिठ्ठीवर नाव लिहून टाकायचं, कोणी कुणाला दिलं ते देव जाणे. आता नवा कायदा. राज्य चालवणाऱ्या मंडळासाठी एकेक नाव वाचणार, ज्याला हवं त्याने सगळ्यांसमोर उभं राहायचं. कुणी उभं राहायचं धाडस करतंय ते बघायलाच तो कायदा केला होता, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

"चार लोक करतील तसं करा," सकाळी मक्याची लापशी वाढताना थँकफुल म्हणाली. "या वयात मला दुसऱ्याच्या घरी चूल मांडायला लावू नका."

"मी काय खुळा आहे?"

सभेला प्रार्थनाघर भरलं होतं. किंबरली नावं वाचायला लागले. पहिली सगळी ॲडम्सच्या बाजूची. एक नाव, सगळे उभे, मोजणी, सगळे खाली. दुसरं नाव, परत तेच. सातव्या नावाला जेबेझचा गुडघा करकरायला लागला, बाराव्याला घामाच्या धारा. अठराव्याला तो पुढच्या बाकाला धरून कसाबसा उठला, आणि उठला तो उठलाच. गुडघा अडकला. सगळे खाली बसले, हा तसाच.

किंबरलींनी वर न बघता पुढचं नाव वाचलं. ते जेफरसनवाल्यांचं होतं.

मागच्या दाराशी मीडॅड उभा राहिला, हाताची घडी घालून.

"दोन," कारकून म्हणाला.

हशा पिकला. किंबरलींनी चष्मा वर केला. माणूस वाईट नव्हता, हसूनच म्हणाले, "बस, जेबेझ. गुडघा अडकलाय हे दिसतंय आम्हाला. कारकून, एक लिहा."

झालं, सुटला होता तो. 'हो साहेब' म्हणून मान हलवायची, बस्स. मान हलवायला गुडघा लागत नाही. पण जेबेझला एकदम शिसारी आली. जेफरसनशी त्याला काय देणंघेणं होतं? त्याचा तो बायबल जाळो नाही तर वाचो. पण दुसऱ्याने बस म्हटलं की बसायचं आणि सोड म्हटलं की सोडायचं, याचा त्याला इतका कंटाळा आला होता की रडूच येईल असं वाटलं.

"दोन लिहा," तो म्हणाला.

"काय म्हणालास?"

"दोन आहेत, साहेब. मी उभा आहे ना? मग मोजा मला."

कुणी हसलं नाही. किंबरलींनी यादी खाली ठेवली. "डिसेंबर फार लांब नाही, जेबेझ."

"ठाऊक आहे, साहेब."

कारकुनाने दोन लिहिले. त्यानंतर आणखी नावं वाचली गेली, पण जेबेझला खाली बसता आलं नाही ते नाहीच. सभा संपेपर्यंत तो तसाच उभा होता आणि माणसं त्याच्या बाजूने वाट काढत, त्याच्याकडे न बघता बाहेर गेली.

शेवटी मीडॅड आला. त्याने खाली बसून दोन्ही हातांनी तो गुडघा धरला आणि हिसका दिला. जेबेझ ओरडला.

"हलकट! जरा हळू."

"खरंच अडकला होता?"

"अडकला होता."

"मग दोन कशाला लिहायला लावलेस?"

"फेब्रुवारीत दोरी सोडली, तेव्हाच असं उभं राहायला हवं होतं," जेबेझ म्हणाला. मीडॅडने काखेत हात घालून त्याला दारापर्यंत नेलं.

घरी थँकफुल उंबऱ्यातच उभी होती. बातमी आधीच पोचली होती. जेबेझने टोपी काढली आणि बोलणी खायची तयारी केली. तिने डोळे पुसले.

"डिसेंबरपर्यंत आहोत ना?"

"तोवर आहोत."

"मग परसातले बीट काढून घ्या," ती म्हणाली. "चार मर्सीच्या लेकीकडे देऊन येते. सात महिने झाले, त्या पोरीच्या दारात जायला तोंड नव्हतं मला."