झाकण टेकवायचं कुठे
ऐंशी सालच्या सुमारास मी सातपूरच्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढायचे. पंपाच्या वक्र झाकणावरून मशीनवाले आणि तपासणीवाले यांचं नेहमी वाजायचं. मशीनवाले जे झाकण बरोबर म्हणत, तेच तपासणीत नापास होई. मी दोन्हीकडे जाऊन पाहिलं. दोघं झाकण वेगवेगळ्या बाजूंवर टेकवून मोजत होते.

मग पंपाला बसणाऱ्या सपाट बाजूला मी ड्रॉइंगवर ‘ए’ अशी खूण केली आणि वक्राच्या मापात चालणारा थोडा फरक दोघांनीही तिथूनच मोजायचा, असं लिहिलं.

साहेब म्हणाले, “इतकी वर्षं याशिवाय चाललंच ना?”

“भांडण चाललं, साहेब.”

त्यांनी हसून सही केली. पुढच्या खेपेला मापं जुळली. तपासणीचे प्रमुख स्वतः माझ्या टेबलाशी आले आणि तशीच खूण करायला आणखी ड्रॉइंग्ज ठेवून गेले.