तारवाला टांगलेलं लिंबू

सातवीतून शाळा सोडली आणि गावाहून बेंगळुरूला येऊन मी ट्रक रंगवू लागलो. चामराजपेटची आमची मराठी ख्रिस्ती मंडळी रविवारी चर्चमध्ये पाळीपाळीनं चित्रं काढून बायबलमधल्या गोष्टी सांगते. माझी पाळी आली. चारचौघांत बायबल वाचायला लावलं तर अडखळेन, ही धास्ती होती. त्या नादात जलप्रलयातल्या नोहाच्या तारवावर, म्हणजे जहाजावर, सवयीनं लिंबू-मिरचीही रंगवून बसलो.

पाळकसाहेबांनी चित्र न्याहाळलं. “काय हो पेंटर, नोहाचा देवावर भरवसा नव्हता?”

“त्याचा होता, साहेब. रंगवणाऱ्याचा जरा कमी पडला.”

साहेब पोट धरून हसले. “सांगा आता गोष्ट. तोंडीच सांगा.”

देवाचे आभार मानत मी सुटलोच. प्रलयाच्या पावसातलं बेडकांचं ओरडणं तर लोकांनी दोनदा करायला लावलं.