भाऊ होता होता राहिलेला कलीग

बारा एप्रिल, रविवार. काम : ऊन चढायच्या आत कुरडयांचा चीक हाटणे.

आमच्या घरात इंग्रजीचा उपयोग एकच. कोण कुणाचं कोण लागतं, ते लपवणे. मी स्वतः नवऱ्याला ‘मिस्टर’ म्हणते. नाव घ्यायचं नाही, आणि गच्चीवरून ‘अहो’ म्हणून हाक मारली की गल्लीतले चार नवरे वर बघतात, म्हणून ही सोय. लेक मयुरी पुण्याला नोकरीला लागली आणि असे शब्द घरात पोत्यानं येऊ लागले. रूममेट, टीममेट, कलीग... आणि अलीकडे नुसतं ‘फ्रेंड’.

“आई,” आठवड्यापूर्वी ती फोनवर म्हणाली, “मी शनिवारी घरी येतेय, आणि रविवारी संध्याकाळी सुमित येतोय. फ्रेंड आहे.”

“फ्रेंड म्हणजे किती?”

“पूर्ण,” ती म्हणाली. “लग्न त्याच्याशीच करणार. पण बाबांना मी सांगीन, रविवारी, जेवणानंतर. तोवर तू कुणाजवळ बोलू नकोस.”

(मी कधी कुणाजवळ काही बोलते का!)

सुमित कळमनुरीचा. संध्याकाळी येणारा मुलगा सकाळीच गच्चीवर हजर! म्हणे, गावातल्या कुणाची गाडी इकडे हिंगोलीला निघाली होती. मयुरी बाजारात, मिस्टर खाली दाढी करत बसलेले. गच्चीवर मी, सासूबाई, शेजारच्या नंदाबाई आणि रटरटणारा चीक.

“हे कोण वं?” नंदाबाईंचा सोऱ्या थांबला.

“कलीग,” मी म्हणाले.

“म्हंजे?”

“मयुरीच्या ऑफिसातला.”

“मंग ऑफिस सोडून हितं काहून आलं?”

मी घाईघाईनं सुमितच्या हातात चाटू दिला. रिकाम्या पाहुण्याला लोक प्रश्न विचारतात, राबणाऱ्याला विचारत नाहीत. पोरगा निमूटपणे चीक हाटायला लागला.

“कलीग कामाचं दिसून राहिलं बरं का!” नंदाबाईंनी पलीकडच्या गच्चीवर हाळी दिली. “वच्छीबाय, बघा, कलीग आलंय!”

वच्छीबाई पापड टाकून कठड्याशी आल्या. इकडे सासूबाईंनी चष्मा पुसला.

“कलीग म्हंजे फ्रेंडच की! मला नको शिकवू. सिरियलीत समदे आधी फ्रेंडच असतेत. मंग एक दिवस मंडपात बसतेत!”

तेवढ्यात जिन्यात मिस्टरांचं खाकरणं ऐकू आलं. आता मिस्टरांना ही बातमी लेकीच्या आधी सासूबाईंकडून मिळणार! माझी बुद्धी त्या क्षणी चिकासारखी पातळ झाली.

“छे हो आत्याबाई! तिला भावासारखा आहे. भाऊच म्हणा ना!”

सासूबाईंचा चेहरा उजळला. मयुरी एकुलती. दर राखीपौर्णिमेला त्या हळहळतात.

“अगं बाई! मंग आधी सांगायचं न्हाई व्हय?”

जिन्यातच मिस्टरांना बाजूला सारून त्या खाली गेल्या, आणि ताम्हण, कुंकू, निरांजन नि कुणाच्या तरी लग्नात आम्हाला आलेली टॉवेल-टोपी घेऊन वर आल्या. मागोमाग लिंबांची पिशवी घेऊन मयुरी.

“ये मयुरे. भावाला ओवाळ.”

मयुरीनं ताम्हणाकडं पाहिलं, सुमितकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं पाहिलं. (त्या नजरेवर चीक शिजला असता.) आमच्या गल्लीत एकदा चार बायांसमोर ओवाळलं की निकाल लागला. कोर्टाचा फिरेल, हा फिरत नाही!

सुमितनं चाटू काही सोडला नाही. खांद्यानं घाम पुसत म्हणाला, “आजी, ओवाळा तुमी. पण एक इचारू का? टॉवेल-टोपी जावयाला चालती का?”

“जावयाला टॉवेल-टोपी?” सासूबाई कडाडल्या. “आमचं घर काय इतकं गेलं व्हय? जावयाला पूर्ण आहेर लागतो!”

आणि ताम्हण मागे घेतलं. मागे घेतल्यावर त्यांना उमगलं, आणि त्यांनी पुन्हा चष्मा पुसला.

मिस्टर अर्ध्या गालाला साबण लावून उभे होते.

“बाबा, मी जेवणानंतर सांगणार होते,” मयुरी म्हणाली. लिंबांची पिशवी तिनं छातीशी धरली होती.

मिस्टर पुढे झाले. पातेल्यात वाकले. चाटू उचलून धार बघितली.

“एक गाठ न्हाई,” ते म्हणाले. “बुडाला लागला बी न्हाई.” (आमच्याकडे दरसाल लागतो. मी बोलत असते.) “एवढ्या बायांच्या तावडीत ज्यानं चीक सांभाळला, त्याच्या आई-वडिलांना भेटायला काय हरकत? येऊ कळमनुरीला.”

“आन् तू ह्या लेकराला भाऊ करून राहिली व्हतीस!” सासूबाई माझ्यावरच उलटल्या.

पण वच्छीबाई ‘भाऊ’ एवढंच ऐकून केव्हाच खाली उतरल्या होत्या. दुपारपर्यंत गल्लीभर झालं : मयुरीला पुण्यात भाऊ मिळाला!

तिसऱ्या दिवशी सकाळी वाळलेल्या कुरडया तळल्या, डबा मिस्टरांच्या हातात दिला आणि दोघं घरोघरी निघालो. प्रत्येक दारात कुरडई द्यायची आणि भाऊ परत घ्यायचा. “भाऊ नाही हो, होणारा जावई. सरळ मराठीत सांगते, जावई!” असं करत शेवटच्या घरी पोचलो. तिथं नवीन बिऱ्हाड होतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, कुरडई मोडून तोंडात टाकली आणि मिस्टरांकडं बोट केलं.

“बरं झालं. आन् हे कोण तुमचे?”

“कलीग,” मी म्हणाले.