अखाजीचं पान

गावी मोताळ्याला असताना अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितर कुठून आणायचा, हा प्रश्न मला कधी पडला नाही. गेलेल्याच्या नावानं एक माणूस पाटावर बसवायचा. तो जेवला म्हणजे गेलेला जेवला, मग घरच्यांनी जेवायचं. भावकीत हाक मारली की कोणीही येई. यंदा दादाची, माझ्या थोरल्या भावाची, तो गेल्यानंतरची पहिली अखाजी होती आणि मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडं, पार बदलापूरच्या पुढं.

मुलगा म्हणाला, रविवारी बोलावू कोणाला तरी. मी म्हणालो, मेलेल्याला रविवार समजत नाही, माणूस मी पाहीन. सून पहाटेच पुरणपोळ्या, आमरस, कुरडया करून गाडीला पळाली, पाठोपाठ तोही. मी घागर भरली, वर खरबूज ठेवलं, पान वाढलं आणि जिना उतरलो.

दाराला दार लागून, अन् सगळ्यांना कुलपं. खाली वॉचमन नुकताच डबा खाऊन बसलेला. हसून म्हणाला, "बाबा, इथं लोक निजायला येतात. दुपारी माणूस कुठून भेटणार?" मुलाला फोन करावा तर माझंच नाक खाली होणार. नाही केला. वर येऊन, दार उघडं टाकून घागरीपुढं बसलो. दिवस कलला होता. देवाजवळ मी कधी फार मागितलं नाही. त्या दिवशी एवढंच म्हणालो, "दादा, मले नाही जमलं. आता तुयं तूच पाह्य."

थोड्या वेळानं पार्सल वाटणारा एक जण समोरची घंटी वाजवून थकला आणि माझ्याकडं पाणी मागू लागला. तांब्या दिला अन् म्हणालो, "पाणी पे, अन् जेवूनच जाय." त्याची पिशवी अजून भरलेली होती, तो नको म्हणाला. मी सांगितलं, भाऊ उपाशी आहे माझा. त्यानं पानाकडं पाहिलं, घागरीकडं पाहिलं, मग हात धुवून पाटावर बसला.

पहिल्याच घासाला म्हणाला, "बाबा, रसात टाकायला जरा मीठ द्या."

दादा जन्मभर रसात मीठ टाकून खाई. आई त्यावरून त्याला हसायची. मी मिठाची वाटीच त्याच्या पानाजवळ ठेवली. तसे खाणारे पुष्कळ असतील, मी कोणाशी वाद घालत नाही. त्याचं नावही विचारलं नाही. गावाकडं भावकीबाहेरचा माणूस मी त्या पाटावर बसू दिला नसता.

तो गेल्यावर मी जेवलो. माझ्या हट्टानं जे झालं नाही, ते हात टेकल्यावर झालं, त्याबद्दल देवाचे उपकार मानतो. घरी एकटे असताना दार लावून बसा, असं सून सांगते. दुपारी मी उघडंच ठेवतो.