पाचही वाजले

शास्त्री नगरातल्या एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने मला फसवलं. तेही माझ्याच शब्दात पकडून, म्हणून जास्त झोंबलं.

माझा जयपुरात संगमरवराचा धंदा आहे. साताऱ्याहून आलो तेव्हा दुसऱ्याच्या गोदामात माल उचलत होतो. आज खातीपुऱ्यात स्वतःचं गोदाम आहे. धंदा जमल्यावर हौसेने घेतलेली पहिली वस्तू म्हणजे होम थिएटर. समोर तीन स्पीकर, मागे दोन आणि सगळ्यांना चालवणारा जड अ‍ॅम्प्लिफायर. अजून ठणठणीत आहे. नवा टीव्ही आणला, तर त्याची वायर या जुन्याला लागेना. बाकी दुकानदार म्हणाले, भंगारात द्या. हा एकटा म्हणाला, मध्ये एक डबी बसवू, ती टीव्हीचा आवाज जुन्याला पोचवेल.

घासाघीस करताना मी एकच गोष्ट धरून बसलो. "भैया, पाँचों के पाँचों बजने चाहिए. एक भी चुप रहा तो डबी वापस."

"पाँचों बजेंगे, हुकुम," तो इथल्या अदबीने म्हणाला.

स्वतः येऊन त्याने डबी जोडली, अ‍ॅम्प्लिफायरवरचं एक बटण दाबलं. मी खोलीभर फिरून पाहिलं. पाचही वाजत होते. मी खूश.

त्या आठवड्यात एक सिनेमा लावला. पडद्यावर गाडी मागून येऊन पुढे निघून गेली आणि मला ती मागून आल्यासारखी वाटलीच नाही. पूर्वी अशा वेळी माझी मान आपोआप वळायची. आता आवाज भरपूर होता, पण कुठून येतोय ते कळत नव्हतं. आवाज वाढवला. तरी तेच.

स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "अहो, कमी करा! तिसऱ्यांदा सांगतेय. कान तपासून घ्या एकदा."

ती थट्टेने म्हणाली. माझा हात मात्र डाव्या कानाकडे गेला. इतकी वर्षं दगड कापायच्या यंत्राशेजारी उभा राहिलोय, डावा कान नेहमी त्याच बाजूला.

आमच्या धंद्यात कान गेला की माणूस संपला. फरशी बोटाच्या पेराने ठोकायची. खणखणीत वाजली तर घ्यायची, बद्द वाजली तर आत तडा आहे. ज्यांच्या गोदामात मी सुरुवात केली, त्या शेठजींना म्हातारपणी ऐकू येईनासं झालं. ते ठोकायचे, मान डोलवायचे आणि तडकलेला माल घ्यायचे. समोरची माणसं हसून त्यांना शिव्या द्यायची. स्वतःचा धंदा सुरू केल्यावर एकदा तसली फरशी मीही त्यांना खपवली होती. ते "शाबाश बेटा" म्हणाले होते.

तीन आठवडे मी माल घेतला नाही. मंडीत जायचो, फरशी ठोकायचो आणि आपण नीट ऐकलं का, या शंकेने हात मागे घ्यायचो. कोणी हसलं की वाटायचं, मलाच हसतायत. डॉक्टरकडे जायचं धाडस होत नव्हतं. बायकोला बोललो नाही. जेवताना ती काही विचारायची, तर तिच्या ओठांकडे बघत बसायचो.

मग मुलगी सुट्टीवर आली. जन्म इथलाच, त्यामुळे तिचं मराठी अर्धं हिंदी. सोफ्यावर बसून पाच मिनिटं तिने सिनेमा पाहिला आणि भुवया आक्रसल्या. उठून एकेका स्पीकरला कान लावला.

"बाबा, हे मागचे दोघं पुढच्यांचीच नक्कल करतायत. मतलब, पाचही तेच बोलतायत. डबीतून दोघांपुरताच आवाज येतोय आणि या बटणाने तोच सगळीकडे वाटलाय."

"तुला पण मागून वेगळं ऐकू येत नाही?" मी विचारलं.

"असेल तर येईल ना!"

तिने ते बटण बंद केलं आणि कपाटातली एक जुनी डिस्क जुन्या प्लेअरमध्ये घातली. घोड्यांच्या टापा माझ्या डाव्या खांद्यामागून आल्या. मान वळली. मुलगी हसायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मी काउंटरवर डबी आपटली. तो शांतपणे म्हणाला, "हुकुम, आपने कहा पाँचों बजने चाहिए. बज रहे हैं ना?"

आयुष्यभर मी शब्दाला शब्द लावून सौदे केले, पण त्या क्षणी मी फक्त डबी त्याच्याकडे सरकवली.

डबी त्याने परत घेतली. पण अजून फरशी ठोकली की मी दुसऱ्यांदा ठोकतो, मग तिसऱ्यांदा, आणि समोरचा व्यापारी ते बघत असतो. माझा माझ्या कानावरचा भरवसा त्याने घालवला. नक्कल वाजवतोय हे त्याला जोडतानाच ठाऊक होतं. मग माझ्या तोंडावर का सांगितलं नाही? याचा जबाब मला हवा आहे, आणि तो त्यानेच द्यायचा आहे.